मातीखालची जाहिरात : शोधावी कशी, वाचावी कशी?



जमिनीत पुरलेला धातू म्हटला की आपल्याकडे पहिला शब्द आठवतो तो 'गुप्तधन'. मोहरांचा हंडा, त्यावर बसलेला नाग आणि तो हंडा ज्याला दिसतो तो पायाळू माणूस, या गोष्टी तुम्ही आजीकडून ऐकल्या असतील. प्रत्यक्षात आपल्या शेतांत आणि गावठाणांत जो धातू सापडतो तो निराळाच असतो. नांगराचे फाळ, बैलाच्या पत्र्या, गाडीच्या चाकाची तुटलेली धाव, मोडके कुलूप, डब्यांची झाकणे. त्यांतच कधी तरी एखादी लोखंडी पाटी निघते. रंग निळा-पांढरा, अजून चकचकीत, कडा मात्र गंजलेल्या. वर अक्षरे असतात एखाद्या कारखान्याच्या इंजिनाची, नांगराची किंवा रॉकेलची जाहिरात करणारी.

अशा पाट्या जमवणारे हौशी लोक आहेत. मुंबईच्या चोरबाजारात त्या विकायलाही असतात. पण आपल्याला तिच्या बाजारभावाशी कर्तव्य नाही. आपल्यापुढे दोन प्रश्न आहेत. मातीखाली दडलेली पाटी धातुशोधक यंत्राला कळते कशी? आणि पाटी हाती आल्यावर तिच्याकडून आपल्याला काय काय कळून घेता येते?

उदाहरणासाठी आपण अहिल्यानगर जिल्ह्यातील (पूर्वीचा अहमदनगर) पारनेर तालुक्यातले राळेगणसिद्धी हे गाव घेऊ. येथे वर्षाला सरासरी ४०० ते ५०० मिलिमीटर एवढाच पाऊस पडतो. १९७५ नंतर या गावाने पाणी अडवण्यासाठी नालाबांध, पाझर तलाव आणि समपातळी चर यांची कामे केली. म्हणजे येथली माती माणसाच्या हाताने भरपूर हललेली आहे. समजा, अशाच एखाद्या शेताच्या बांधावर, मालकाच्या परवानगीने, तुम्ही धातुशोधक घेऊन उभे आहात. यंत्राची थाळी जमिनीवरून फिरते आहे आणि अचानक कानात सूर वाजतो. आता पुढे?

यंत्राला कळते कसे?

यंत्राच्या थाळीत तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यातून प्रत्यावर्ती प्रवाह, म्हणजे सतत उलटसुलट दिशेने जाणारा प्रवाह, सोडतात. बऱ्याच यंत्रांत ही उलटापालट सेकंदाला काही हजार वेळा होते. प्रवाह बदलला की वेटोळ्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्रही बदलते. हे बदलते क्षेत्र जमिनीत शिरते. मातीत धातूची वस्तू असेल, तर तिच्यात विद्युतप्रवाह निर्माण होतो. मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली शोधून काढलेले विद्युत-चुंबकीय प्रवर्तन ते हेच. हा प्रवाह धातूच्या अंगात पाण्यातल्या भोवऱ्यासारखा गोल फिरतो, म्हणून त्याला 'भोवरी प्रवाह' म्हणतात.

आता लेंझचा नियम आठवा. निर्माण झालेला प्रवाह आपल्या जन्माला कारण झालेल्या बदलाला विरोध करतो. म्हणून भोवरी प्रवाहाचे स्वतःचे असे एक क्षीण चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि ते वर थाळीपर्यंत येऊन पोचते. यंत्र टिपते ते हे क्षेत्र. यंत्राला सोने दिसत नाही, लोखंड दिसत नाही आणि पाटीवरची अक्षरे तर मुळीच दिसत नाहीत. 'येथे काही तरी वीजवाहक किंवा चुंबकीय आहे' एवढेच ते सांगते.

या तत्त्वाचा एक प्रसिद्ध प्रयोग १८८१ साली झाला. अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर २ जुलै रोजी गोळी झाडली गेली आणि ती शरीरातच राहिली. टेलिफोनचे संशोधक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी ती शोधण्यासाठी असेच यंत्र तयार करून नेले. पण गोळीची जागा काही सापडली नाही. गादीतल्या पोलादी तारांनी यंत्राला चकवले, हे त्याचे एक कारण सांगतात. १९ सप्टेंबरला अध्यक्षांचा मृत्यू झाला. यंत्र खोटे बोलत नव्हते, धातू तेथे होताच. तो कोणता, हे सांगणे मात्र यंत्राच्या कुवतीबाहेरचे होते.

तानपुऱ्याची युक्ती

मातीतून परत येणारे क्षेत्र फार दुबळे असते. ते कानाला कळावे कसे? यासाठीची एक जुनी आणि सोपी युक्ती तुम्हाला तानपुऱ्यावरून समजेल. तानपुऱ्याच्या जोडीच्या दोन तारा अगदी एका सुरात नसतील, तर आवाज कमीजास्त होत राहतो. एक तार सेकंदाला २४० वेळा आणि दुसरी २४२ वेळा कंप पावत असेल, तर आवाज सेकंदाला २ वेळा चढतो-उतरतो. यांना 'विस्पंद' म्हणतात. दोन कंप्रतांतला फरक म्हणजे विस्पंदांची संख्या.

साध्या धातुशोधकात तारांऐवजी दोन विद्युत-आंदोलक असतात. समजा, एकाची कंप्रता सेकंदाला १,००,४०० आहे आणि ती कायम राहते. दुसऱ्यात जमिनीवर फिरणारे वेटोळे जोडले आहे व त्याची कंप्रता १,००,००० आहे. हे दोन्ही आकडे मानवी कानाच्या मर्यादेपलीकडचे आहेत. पण त्यांतला फरक ४०० आहे आणि तो आपल्याला सूर म्हणून स्वच्छ ऐकू येतो.

आंदोलकाची कंप्रता वेटोळ्याच्या प्रवर्तकतेच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. लोखंड जवळ आल्यामुळे प्रवर्तकता ०.२ टक्के वाढली, तर कंप्रता ०.१ टक्के कमी होईल, म्हणजे ९९,९०० होईल. फरक आता ५०० झाला, सूर चढला! पितळेत चुंबकत्व नाही. तेथे केवळ भोवरी प्रवाह आपले काम करतात आणि प्रवर्तकता कमी होते. ती ०.२ टक्के घटली, तर कंप्रता १,००,१०० होईल आणि फरक ३०० वर येईल. सूर उतरला! हजारात दोन भागांचा बदल, पण कानाला तो सहज कळला.

येथे आपली पाटी मात्र घोटाळा करते. लोखंडाचे चुंबकत्व प्रवर्तकता वाढवू पाहते. उलट, पाटी रुंद आणि सपाट असल्यामुळे तिच्यात भोवरी प्रवाहांना फिरायला ऐसपैस जागा मिळते आणि ते प्रवर्तकता कमी करू पाहतात. या ओढाताणीत दुसरी बाजू वरचढ ठरली, तर लोखंडी पत्रा पितळेसारखा किंवा चांदीसारखा सूर देतो. बाटलीचे चपटे बूचही असेच फसवते. म्हणून सुरावरून धातूचा अंदाज करावा, निकाल देऊ नये.

काळ्या दगडाची अडचण

राळेगणसिद्धीचा खडक काळा, म्हणजे बेसाल्ट आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार बनले, त्यातलाच हा भाग. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे बारीक कण असतात. हे कण चुंबकीय आहेत, त्यामुळे नुसत्या जमिनीलाही यंत्र प्रतिसाद देते. थाळी थोडी खालीवर झाली तरी सूर बदलतो. एखादा जास्त चुंबकीय दगड तर धातूचे सोंगही घेतो. म्हणून आधी जेथे धातू नाही अशा जागेवर थाळी वरखाली करून यंत्र 'जमिनीला जुळवून' घ्यावे लागते, आणि मगच शोध सुरू करावा लागतो. वैज्ञानिक प्रयोगात आपण शून्याची दुरुस्ती करतो ना, तशीच ही.

किती खोल?

काही विक्रेते सांगतात की आमचे यंत्र वीस-वीस मीटर खोलीवरचे सोने दाखवते. यावर विश्वास ठेवण्यापूर्वी गणित करा. वस्तू लहान असेल आणि खोली वेटोळ्याच्या आकाराच्या मानाने बरीच असेल, तर खाली जाणारे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होते. वस्तूपासून वर येणारे क्षेत्रही तसेच घनाच्या प्रमाणात क्षीण होते. म्हणजे एकूण घट अंतराच्या सहाव्या घाताने होते. खोली २० सेंटिमीटरवरून ४० झाली की संकेत २ × २ × २ × २ × २ × २, म्हणजे ६४ पटींनी कमी! नाण्याएवढी वस्तू हातभर खोलीवरसुद्धा साध्या यंत्राला कळत नाही ती यामुळेच. हातभर रुंदीची पाटी त्या मानाने अधिक खोलवरून कळते, पण ती काही मीटरांची गोष्ट नव्हे.

हे गणित ज्याला कळले त्याला गुप्तधनाच्या नावाखाली कोणी फसवू शकणार नाही. गुप्तधनासाठी आपल्या राज्यात पैसे तर बुडालेच आहेत, पण माणसांचे बळी देण्यापर्यंतही मजल गेली आहे. अशा अघोरी प्रकारांविरुद्ध महाराष्ट्राने २०१३ साली स्वतंत्र कायदा केला.

पाटी टिकते कशी?

समजा, आपली वस्तू वीतभर खोलीवर निघाली आणि ती खरोखरच इनॅमलची पाटी आहे. इतकी वर्षे मातीत राहून तिचा रंग का गेला नाही? कारण तो तेलरंग नाही, ती काच आहे. लोखंडी पत्रा आम्लाने स्वच्छ करतात. त्यावर काचेच्या भुकटीचा लेप देऊन सुमारे ८०० अंश सेल्सिअस तापमानाच्या भट्टीत भाजतात. काच वितळून पत्र्याला घट्ट धरते. पहिल्या थरात कोबाल्टचे ऑक्साइड घालतात, त्याने पकड मजबूत होते. नंतर रंगीत थर देऊन पुन्हा भाजतात. घरातल्या इनॅमलच्या टोपाचा टवका उडाला की आत काळसर थर दिसतो, तो हा पहिला थर.

यात पदार्थविज्ञानाची एक गंमत आहे. लोखंड थंड होताना काचेपेक्षा किंचित जास्त आकसते. त्यामुळे वरची काच कायम दाबाखाली राहते. काच ताणाला कच्ची आणि दाबाला पक्की, म्हणून हा दाब तिला तडकू देत नाही. इनॅमल निवडताना काच आणि पत्रा यांच्या प्रसरणाचा मेळ जमवावा लागतो, तो यासाठीच.

पाटी मरते ती खिळ्यांच्या भोकांपासून आणि कडांपासून. ठोकताना तेथला टवका उडतो आणि लोखंड उघडे पडते. ओल आणि हवा मिळून गंज चढतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडापेक्षा जास्त असल्याने तो शेजारची काच उचलून टाकतो आणि पुढे सरकतो. म्हणून पाटी सापडताच विटेने घासू नका, चिंच किंवा आम्ल लावू नका. मऊ ब्रशाने सुटी माती काढा आणि पाटी कोरडी ठेवा.

पाटीचे वय

जाहिरातीवर तारीख क्वचितच असते. तरी पाटी आपले वय लपवू शकत नाही. काही खुणा पाहा.

कारखान्याचे नाव : लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलींच्या दुकानापासून सुरुवात केली. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते अशी त्या वेळी अनेक शेतकऱ्यांची समजूत होती. नुसता नांगर तयार करून भागत नव्हते, तो पटवूनही द्यावा लागत होता. कारखान्याची माहिती लोकांपर्यंत नेण्यासाठी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघाले, त्याचे संपादक शं. वा. किर्लोस्कर. त्याच वर्षी 'किर्लोस्कर ब्रदर्स' ही लिमिटेड कंपनी झाली. 'किर्लोस्कर ऑइल इंजिन्स' ही कंपनी मात्र १९४६ ची. म्हणून हे नाव असलेली पाटी १९४६ पूर्वीची असूच शकत नाही. तसेच 'बर्मा-शेल' ही तेलकंपनी भारतात १९२८ साली स्थापन झाली आणि १९७६ साली सरकारने ती ताब्यात घेतली. पुढे १९७७ साली तिचे नाव भारत पेट्रोलियम झाले.

नाणी : किंमत आण्यांत असेल तर पाटी बहुधा १ एप्रिल १९५७ पूर्वीची, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. 'नये पैसे' हे शब्द १९५७ ते १९६४ या काळातले. नंतर 'नये' गळून नुसते 'पैसे' राहिले.

पत्ता : 'मुंबई इलाखा' म्हणजे इंग्रजी राजवट. 'मुंबई राज्य' म्हणजे १९५० ते ३० एप्रिल १९६०. 'महाराष्ट्र राज्य' असेल तर १ मे १९६० नंतरची. पत्त्यात पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरची. 'अहिल्यानगर' हे जिल्ह्याचे नाव तर २०२४ चे. इंग्रजी पाटीवर 'बॉम्बे' की 'मुंबई' याचाही उपयोग होतो, कारण तो बदल १९९५ चा आहे. मराठीत मात्र शहराचे नाव आधीपासून मुंबईच असल्यामुळे मराठी पाटीवर हा पुरावा लागू पडत नाही.

एक पुरावा खालची मर्यादा देतो, दुसरा वरची. दोन्हींच्या मधे खरे वर्ष असते. पण सावध! हे झाले पाटी तयार होण्याचे वय. ती जमिनीत कधी गेली हे त्यावरून कळत नाही. दुकानावरून उतरलेली पाटी कोणी कणगीवर झाकण म्हणून, कोणी गोठ्याच्या छपराला ठिगळ म्हणून वापरलेली असू शकते. आणि हौशी गिऱ्हाइकांसाठी 'जुन्या' पाट्या मुद्दाम नव्याने बनवून गंजवल्याही जातात, हेही ध्यानात ठेवा.

जागेची साक्ष

पाटी जमिनीत कधी गेली हे पाटी सांगणार नाही, जागा सांगेल. पाटीच्या खालच्या, न हललेल्या थरात १९८५ चे नाणे मिळाले, तर पाटी १९८५ नंतर पुरली गेली हे सिद्ध होते. मातीचा थर नालाबांधाच्या भरावाचा आहे की त्याखालच्या मूळ जमिनीचा, यावरूनही पुष्कळ कळते. पाटी ओढून काढली की हा पुरावा कायमचा नाहीसा होतो. तो पुन्हा मांडता येत नाही.

याच जिल्ह्यात याचे मोठे उदाहरण आहे. प्रवरा नदीच्या काठी दायमाबाद येथे १९७४ साली एका शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना चार ब्राँझच्या वस्तू सापडल्या. बैल जुंपलेला रथ आणि तो हाकणारा माणूस, रानरेडा, हत्ती आणि गेंडा. सर्वांचे मिळून वजन ६० किलोग्रॅमहून अधिक. भारतीय पुरातत्त्वातला हा अनमोल ठेवा आहे. पुष्कळ तज्ज्ञ तो सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचा, उत्तर हडप्पा काळातला मानतात. पण या वस्तू पद्धतशीर उत्खननात, ठरावीक थरात मिळालेल्या नाहीत. त्यामुळे धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावर बोट ठेवून काही संशोधकांनी या कालनिर्णयाबद्दल शंका घेतली. वस्तू आपल्यासमोर आहेत, तरी वाद राहिला, कारण थराची साक्ष उपलब्ध नव्हती. त्या शेतकऱ्याचा यात काहीच दोष नाही, तो मूळ खणत होता. तुम्ही मात्र मुद्दाम शोधायला निघाला आहात, तेव्हा जबाबदारी तुमची.

म्हणून वस्तू दिसताच थांबा. फोटो काढा. बांधापासून, विहिरीपासून अंतरे मोजा. खोली मोजा. मातीचा रंग, सोबतचे तुकडे, तारीख हे सारे वहीत लिहा. मगच पाटी उचला.

हात लावण्यापूर्वी

पहिली सूचना जिवाची. अहिल्यानगरजवळ लष्कराचे के. के. रेंज हे सरावक्षेत्र आहे, तेथे तोफगोळ्यांचा सराव चालतो. अशा क्षेत्रात न फुटलेला गोळा मातीत असू शकतो, आणि भंगार गोळा करताना स्फोट होऊन माणसे दगावली आहेत. धातुशोधकाला गोळा आणि नांगराचा फाळ यांतला फरक कळत नाही. सरावक्षेत्राच्या जवळपास शोध घ्यायचाच नाही. कोठेही नळकांड्यासारखी, टोकदार, पंख असलेली अनोळखी वस्तू दिसली तर हात न लावता दूर व्हा आणि पोलिसांना कळवा.

दुसरी सूचना कायद्याची. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. संरक्षित स्मारकाच्या जागी परवानगीशिवाय खणणे १९५८ च्या कायद्याने मना आहे. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षे पूर्ण झालेली ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू 'पुरावस्तू' ठरू शकते. म्हणजे १९२० च्या सुमारास तयार झालेली जाहिरातीची पाटीसुद्धा आता त्या वयात आली आहे! शंका आली की शिक्षकांना विचारा.

करून पाहा

१. चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ओढ्याच्या कोरड्या वाळूतून फिरवा. पिशवीला चिकटलेले काळे कण कागदावर झटका. शंभर ग्रॅम वाळूत ते किती ग्रॅम निघाले? दोन-तीन ठिकाणची वाळू घेऊन तुलना करा. ज्या जागी कण जास्त, तेथे धातुशोधकाला अडचण जास्त.

२. ॲल्युमिनियमची जाड पट्टी तिरपी धरा आणि तिच्यावरून जोरदार निओडिमियम चुंबक घसरू द्या. मग तोच चुंबक तितक्याच तिरप्या लाकडी फळीवरून सोडा. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, तरी त्यावर तो रेंगाळतो. त्याला अडवणारे भोवरी प्रवाहच होत. (हे चुंबक लहान भावंडांच्या हाती देऊ नका. ते गिळले गेल्यास जिवावर बेतते.)

प्रश्न

१. एका पाटीवर 'किंमत १५ नये पैसे' आणि 'मुंबई राज्य' असे लिहिले आहे. ती कोणत्या काळातली?
२. 'बर्मा-शेल' नाव आणि पिनकोड दोन्ही असलेली पाटी कोणत्या काळातली?
३. लहान वस्तू ३० सेंटिमीटरऐवजी ९० सेंटिमीटर खोल असेल, तर संकेत किती पटींनी क्षीण होईल?
४. एका पाटीवर किंमत आण्यांत आहे, पण तिच्या खालच्या न हललेल्या थरात १९७५ चे नाणे मिळाले. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या कशा?

उत्तरे : (१) १ एप्रिल १९५७ ते ३० एप्रिल १९६०. (२) १९७२ ते सुमारे १९७६-७७. (३) ३ चा सहावा घात, म्हणजे ७२९ पटींनी. (४) पाटी तयार झाली बहुधा १९५७ पूर्वी, पण जमिनीत गेली १९७५ किंवा त्यानंतर. मधल्या काळात ती कोणाच्या कोणत्या उपयोगी पडली असेल, याचा शोध गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारून घ्या. ते काम धातुशोधकाचे नाही, तुमचे आहे.